सासरेबुवा, नाव घ्या!

अजमानमधल्या आमच्या इमारतीत, आणि खरं सांगायचं तर शारजापर्यंतच्या पट्ट्यात, मराठी बायकांवर नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली की फोन मला येतो. मी उखाणे पुरवतो. पोटापाण्यासाठी नाही. पोटापाण्याला दुबईतल्या अल क्वोजमध्ये प्रदर्शनांचे स्टॉल बांधणाऱ्या कंपनीचं वर्कशॉप आहे. तिथे मी प्लायवुडचे राजवाडे उभे करतो आणि तीन दिवसांनी पाडतो. उखाणे हा शौक. संक्रांतीच्या हळदीकुंकवांच्या दिवसांत मी क्लायंटसमोर गंभीर चेहऱ्याने बसून टेबलाखाली उखाणे टाइप केलेले आहेत.

इतक्या वर्षांत नवरे मला शेवटच्या अक्षरावरूनच ओळखू येतात. 'त'वर संपणारा नवरा सगळ्यात सोपा: परात, वरात, दारात, अंगणात, हवा तेवढा माल. 'श'चा नवरा सांभाळून घेता येतो. ज्याचं नाव जोडाक्षरावर संपतं, त्याच्या बायकोला मी स्पष्टच सांगतो, "वहिनी, घरात काय हाक मारता त्यांना? तेच घ्या."

ह्या लेखात मी कोणाचंही नाव लिहिणार नाही. सगळी माणसं अजून ह्याच इमारतीत राहतात आणि दोन लिफ्टपैकी एकच चालू असते. फक्त एक नाव येईल, कारण गोष्टच त्याची आहे. ते नाव तोंडातून बाहेर काढायला माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या मित्राला नऊ महिने लागले.

हा मित्र बांधकामांवर क्वालिटी कंट्रोलचा इंजिनियर आहे. भिंत ओळंब्यात आहे का, फरशी पातळीत आहे का, हे बघून नापास करणं हे त्याचं काम. पास तो क्वचितच करतो. किल्ल्यांच्या जुडग्याला त्याने बोटाएवढी स्पिरिट लेव्हल अडकवलेली आहे. काचेच्या नळीत हिरवं पाणी आणि त्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध थांबला तर वस्तू सरळ. ही लेव्हल त्याने आमच्या देव्हाऱ्यावर ठेवून पाहिली आहे, माझ्या बायकोच्या डोशाच्या तव्यावर ठेवून पाहिली आहे आणि माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या केकवरही. केक नापास झाला.

आणि ह्या माणसाचं स्वतःचं नाक वाकडं आहे. कॉलेजात खो-खो खेळताना त्याने खांबाकडे सूर मारला होता. खांब जागचा हलला नाही. तेव्हापासून ते नाक दोन भुवयांच्या मधून निघतं आणि डाव्या गालाकडे वळतं. त्यावर तो कधी बोलत नाही, आणि आम्हीही नाही. मी जगातल्या यच्चयावत गोष्टींची टिंगल करतो, पण वीस वर्षांत त्या नाकाला मी शब्दानेही हात लावलेला नाही. माझ्या आयुष्यात संयम म्हणून एवढा एकच होता, आणि परीक्षा नेमकी त्याचीच निघाली.

मित्राला एकुलती एक मुलगी. इथेच जन्मली, इथेच शिकली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. बागा आखून देणाऱ्या एका ऑफिसात ती नोकरी करते. मागच्या वर्षी एका संध्याकाळी तिने घरी जाहीर केलं की लग्न ठरलंय, मुलगा स्कॉटलंडचा आहे, खोर फक्कानच्या बंदरात टगबोटीवर अधिकारी आहे. गावाएवढी कंटेनरची जहाजं ढकलत ढकलत धक्क्याला लावतो. वहिनी, म्हणजे मित्राची बायको, एवढंच म्हणाल्या, "जेवायला काय आवडतं त्याला?" म्हणजे आईकडून परवानगी झाली. मित्र म्हणाला, "चहाला बोलाव."

चहाला आम्ही नवराबायकोही होतो. असल्या प्रसंगी मला न बोलवण्याची कोणाची हिंमत नाही. मुलगा आला. उंच, लालबुंद, हातात खजुराचा डबा. बूट त्याने तळमजल्यावर लिफ्टपाशीच काढले होते, कारण मुलीने बूट बाहेर काढायचे एवढंच सांगितलं होतं, कुठल्या बाहेर ते सांगितलं नव्हतं. पोहे त्याने मिरच्यांसकट खाल्ले. डोळ्यांतून पाणी वाहत असताना "लव्हली" म्हणाला आणि पुन्हा घेतले. वहिनी विरघळल्या. माझी बायको विरघळली. मी तर तो बूट न घालता लिफ्टमधून बाहेर आला तेव्हाच विरघळलो होतो.

मग मित्राने घसा साफ केला. "नेम?"

"कॅमरन, सर."

"मीनिंग?"

आता ह्यात काही खोच नव्हती. आपल्याकडे नाव सांगितलं की पुढचा प्रश्न हाच येतो. पण त्या मुलाने मित्राच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिलं, होता त्याहून आणखी लाल झाला, आणि बशीकडे बघत म्हणाला, "इट्स जस्ट अ फॅमिली नेम, सर."

तो गेल्यावर मित्र येरझाऱ्या घालू लागला. "जस्ट! स्वतःच्या नावाला अर्थ नाही म्हणतो! अरे, आपल्याकडे माणूस मांजराचं नावसुद्धा विचार करून ठेवतो."

"बाबा," मुलगी म्हणाली, "अवर सरनेम इज अ व्हेजिटेबल."

हे खरं आहे. मित्राचं आडनाव मी लिहीत नाही, पण ती एक फळभाजी आहे, आणि तीही मुलं ताटाच्या कडेला सारतात त्यातली.

"ती भाजी नाही," मित्र म्हणाला, "ते घराणं आहे."

त्या दिवसापासून सुरू झालं. मित्राने लग्नाला नाही म्हटलं नाही. हॉल बघितला, केटररला दम भरला, फेट्यांची ऑर्डर दिली. ("ऐंशी दिरहमला एक फेटा! म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये!" असं वहिनी मोठ्याने म्हणाल्या, आणि मग गुलाबी रंगाचे पंचवीस घेतले.) फक्त जावयाचं नाव तो घेत नव्हता. "ते येणारेत का जेवायला?" "तो खोर फक्कानवाला आलाय." "बोटवाल्याचा फोन आहे." आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका नवऱ्याला 'इकडची स्वारी' म्हणत, त्यांनाही लाजवेल अशा खुब्या ह्या पन्नाशी ओलांडलेल्या इंजिनियरने शोधून काढल्या होत्या. एकदा मुलगा समोर बसलेला असताना त्याला पाणी हवंय का हे मित्राने वहिनींना विचारलं, वहिनींनी मुलीला, आणि मुलीने त्याला.

"काय रे," मी विचारलं, "नवी नवरी आहेस का तू? उखाणा देऊ?"

"गप रे नाटक्या."

मग एका शनिवारी सकाळी मुलगीच आमच्या दारात. बायकोने तिला आत घेतलं, थालीपीठ समोर ठेवलं. तिने ते नुसतं उलटंपालटं केलं.

"काका, आय नीड युअर हेल्प. बाबांनी त्याचं नाव एकदापण नाही घेतलं. नॉट वन्स. नाइन मंथ्स." रागाने तिचं इंग्रजी तुटून मधे मराठी आलं होतं, त्यावरून गोष्ट गंभीर आहे हे मला कळलं. "तो म्हणतो, युअर डॅड हेट्स मी. मी म्हणते, नो, ही डझन्ट. पण काका, आय डोन्ट नो एनीमोर. लग्नात बाबांनी त्याचं नाव घेतलं नाही ना, तर आय विल जस्ट क्राय. सगळ्यांसमोर."

"उखाण्यात घ्यायला लावू," मी छाती पुढे काढून म्हणालो. "असा उखाणा बांधतो की बापाला पुरा करावाच लागेल."

"प्लीज," ती म्हणाली. "यल्ला, काका, लवकर. तीन वीक्स राहिलेत."

उखाण्याला यमक लागतं आणि अर्थही लागतो. यमकाची सोय होती. ती लोकं नाव उच्चारतात 'कॅमरन', त्याला 'वरण' चालून जातं. उखाण्यात वरणाला नाही म्हणणारा अजून जन्मला नाही. अर्थासाठी मी सोमवारी वर्कशॉपमध्ये, अर्ध्या रंगवलेल्या प्लायवुडच्या किल्ल्याच्या सावलीत बसून, फोनवर शोधायला घेतलं.

सापडलं. नाव केल्टिक, स्कॉटलंडच्या डोंगरातल्या जुन्या गेलिक भाषेतलं. आधी एका मोठ्या कुळाचं आडनाव होतं, मग लोक ते मुलांचं पहिलं नाव म्हणून ठेवू लागले, अलीकडे तिकडे मुलींचंही ठेवतात. दोन शब्दांचं बनलंय. पहिल्याचा अर्थ, वाकडं. दुसऱ्याचा अर्थ, नाक.

मी फोन खाली ठेवला. पुन्हा उचलला. दुसऱ्या पानावर पाहिलं, तिसऱ्या पानावर पाहिलं. वाकडं नाक. वाकड्या नाकाचा. त्या कुळाच्या कुठल्याशा मूळपुरुषाचं नाक म्हणे वाकडं होतं.

किल्ल्याचा बुरूज रंगवणारा पेंटर शिडीवरून म्हणाला, "सर, आप ठीक हो?" मी ठीक नव्हतो. मी लाकडाच्या भुसभुशीत भुशावर आडवा झालो होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पुढच्या दहा मिनिटांत मला अकरा उखाणे झाले. आयुष्यात इतकी प्रतिभा मला कधी फुटलेली नाही. त्यातला सगळ्यात सोज्वळ असा:

ताटात वाढला भात, त्यावर वाढलं वरण,
बाबांच्या नाकाला शोभेलसा जावई मिळाला कॅमरन.

घरी आल्या आल्या मी तो बायकोला हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवला. ती हसली. भरपूर हसली, ओट्याला धरून हसली. मग तिने डोळे पुसले, माझा फोन मागून घेतला आणि अकराच्या अकरा उखाणे पुसून टाकले.

"अहो, ह्यातलं एक अक्षर जरी त्या घरात बोललात तर मी माहेरी जाईन."

"तिकिटं महाग आहेत."

"चालत जाईन."

मी मुलीला फोन केला. "अगं, अर्थ—"

"ओ माय गॉड. काका, यू नो?" ती कुजबुजत्या आवाजात सांगू लागली. त्या पहिल्या दिवशी तो बिचारा सगळ्या प्रश्नांची तयारी करून आला होता. पगार, धर्म, दारू, पुढचा बेत. अर्थ विचारतील हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तिकडे कोणी विचारत नाही. आणि नेमका तो विचारणाऱ्याच्या नाकाकडे बघत होता. "काका, हाऊ कुड ही से इट? टू दॅट नोज?" म्हणून त्याने 'नुसतं घराण्याचं नाव' म्हणून सुटका करून घेतली. आणि बाबांना वाटलं, ह्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

म्हणजे बघा. जावई सासऱ्याचा मान राखायला अर्थ लपवत होता आणि सासरा अर्थ नाही म्हणून नाव घेत नव्हता. आणि दोन्ही बाजू ठाऊक असून बोलायची हिंमत ज्या एकट्याला होती, त्याच्या बायकोने त्याचं तोंड शिवलं होतं.

त्या आठवड्यात मित्र आणि मी नेहमीप्रमाणे कॉर्निशवर चालायला गेलो. समुद्रावरून दमट वारा येत होता, मुलं आमच्या पायात सायकली घालत होती. मी त्याच्याकडे न बघता चालत होतो, कारण बघितलं असतं तर नाक दिसलं असतं.

"तुला काय वाटतं, मला तो आवडत नाही?" त्याने एकदम विचारलं.

"मी कुठे काय म्हटलं?"

"चांगला आहे रे पोरगा. कामाचा आहे. परवा आमच्या बाल्कनीचं सरकतं दार नीट करून गेला. मी लेव्हल लावली, पास." त्याने एक सायकल चुकवली. "नाव घेतलं की झालंच ना रे. मग आपलं काय राहतं? मी एकटा मुलगा, मला ही एकटी मुलगी. हिची मुलं त्याचं आडनाव लावणार. आमचं माझ्यापाशी खलास."

"भाजी बाजारात मिळतच राहील," मी म्हणालो.

त्याने मला ढकललं. पण हसला नाही. मीही मग काही बोललो नाही. असं माझ्या बाबतीत फार क्वचित होतं.

लग्नाच्या आदल्या शुक्रवारी, दुपारी ऑफिसं सुटल्यावर, गुरुजी तालमीला आले. आमचे गुरुजी आठवडाभर इन्शुरन्सच्या ऑफिसात असतात आणि सुट्टीच्या दिवशी लग्नं लावतात. त्यांनी आधीच व्हॉट्सअॅपवर जावयाला फॉर्म पाठवला होता: वडील, आजोबा, पणजोबा, गोत्र. तीन पिढ्यांची नावं त्याने भरून पाठवली होती. गोत्राच्या रकान्यात त्याने नम्रपणे लिहिलं होतं, 'काय ते कळवावे.' गुरुजींनी काश्यप करून टाकलं. ज्यांना गोत्र माहीत नाही त्यांना सगळ्यांनाच काश्यप.

दिवाणखान्यात सतरंजीवर मित्र आणि वहिनी बसले, समोर जावई. त्याला मांडी घालायला पाय कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं, तेव्हा त्याने ते दोन्ही एका बाजूला काढून ठेवले होते. मुलगी सोफ्याच्या हातावर, मी आणि बायको सोफ्यात. बायकोची दोन बोटं माझ्या दंडाला चिमटा तयार ठेवून होती.

"आता कन्यादानाचा संकल्प," गुरुजी म्हणाले. "अमक्याच्या पणतवाला, अमक्याच्या नातवाला, अमक्याच्या मुलाला, आणि मग वराचं नाव घेऊन, ह्या वराला. माझ्यामागून म्हणा."

मित्राने खणखणीत आवाजात पणजोबांचं स्कॉटिश नाव घेतलं. आजोबांचं घेतलं. वडिलांचं घेतलं. मग म्हणाला, "ह्या वराला."

"नाव राहिलं."

"तुम्ही घ्या ना. तुमचं संस्कृत चांगलं आहे."

"अहो, दान तुम्ही देणार. ह्यात प्रॉक्सी चालत नाही." गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "सासरेबुवा, नाव घ्या."

 मुलीने खालचा ओठ दातात धरला होता. ती रडणार होती, सगळ्यांसमोर, लग्नाच्या एक आठवडा आधीच. मित्राला ते दिसलं. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, अगदी हळू म्हणाला, पण म्हणाला, "ज्या नावाचा अर्थ ठाऊक नाही ते मी देवासमोर कसं घेऊ? अर्थ सांगा. घेतो."

माझ्या घशात अकरा उखाणे एकदम आले. चिमटा बसला. मी तोंड उघडलं होतं ते जांभई देऊन मिटलं.

मुलीने सगळं भराभरा इंग्रजीत सांगितलं. जावयाने ऐकलं. एका बाजूला काढून ठेवलेले पाय त्याने जवळ घेतले, पाठ ताठ केली, आणि मोठं जहाज धक्क्यावर आदळणार हे दिसल्यावर अधिकाऱ्याचा चेहरा होत असेल तसा चेहरा करून म्हणाला, "क्रुकेड नोज, सर."

 गुरुजींनी पुस्तकात डोकं घातलं. वहिनींनी पदराने तोंड झाकलं. मित्राचा हात सावकाश वर गेला आणि स्वतःच्या नाकावर येऊन थांबला, डावीकडे, वळणावर.

"क्रुकेड?" तो म्हणाला.

"येस, सर. आय अॅम सॉरी, सर."

"कोणाचं?"

जावयाने सांगितलं की फार जुन्या काळी त्या कुळाचा एक सरदार होता, मारामारीत त्याचं नाक मोडलं असं म्हणतात.

"मारामारीत," मित्र म्हणाला. त्याने थोडा विचार केला. "माझं खो-खोत." वीस वर्षांत पहिल्यांदा त्या नाकाचा विषय त्या घरात निघाला होता, आणि काढणारा स्वतः नाकाचा मालक होता.

मग त्याने खिशातून किल्ल्या काढल्या, गुडघ्यांवर पुढे सरकला आणि म्हणाला, "लुक अप." जावयाने छताकडे तोंड केलं. मित्राने ती हिरवी लेव्हल त्याच्या नाकाच्या दांडीवर उभी-आडवी, दोन्ही बाजूंनी ठेवून पाहिली. आम्ही सगळे वाकलो. गुरुजीसुद्धा वाकले. बुडबुडा जरासा डगमगला आणि मधोमध येऊन थांबला.

"सरळ," मित्राने निकाल दिला. "एकदम ओके. नाव चुकीचं लागलंय. हे नाव माझं असायला पाहिजे होतं."

आधी मी हसलो की वहिनी हसल्या ते आता आठवत नाही. गुरुजी पोथी पोटाशी धरून हसत होते. जावई मात्र अजून छताकडे तोंड करून बसला होता, कारण खाली बघ असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"पण मग," हसणं ओसरल्यावर मित्राने विचारलं, "नाक सरळ, आडनाव वेगळं. हे नाव तुला चिकटलं कुठून?" हे तो थेट त्याच्याशी बोलला. वहिनींमार्फत नाही.

जावयाने सांगितलं, तुटक तुटक, मधे मुलगी मराठी करत होती. ते त्याच्या आजीचं माहेरचं आडनाव. आईची आई. ती एकुलती एक मुलगी. तिचं लग्न झालं आणि तिच्या वडिलांचं नाव तिथेच थांबलं. म्हणून तिने आपल्या मुलीला बजावून ठेवलं होतं: तुला पहिला मुलगा झाला की त्याला माझ्या बाबांचं आडनाव द्यायचं, पहिलं नाव म्हणून. तिकडे असं करतात, तो म्हणाला, पूर्वीपासून करतात. म्हणून घराण्याचं नाव म्हणालो होतो, सर. ते खोटं नव्हतं.

मित्र सतरंजीकडे बघत होता. लेव्हल हातातच होती आणि त्यातला बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला होता.

"म्हणजे एका मुलीच्या बापाचं नाव," तो मराठीत म्हणाला, "हा जन्मभर घेऊन फिरतोय."

मुलीने ह्याचं इंग्रजी केलं नाही. तिला जमलं नसावं.

मित्र उठला आणि स्वयंपाकघरात गेला. आतून भांड्याचा आवाज आला, गॅस पेटल्याचा आवाज आला. वहिनी उठू लागल्या, बायकोने त्यांना बसवलं. आम्ही सगळे त्या दाराकडे बघत बसलो. गुरुजींनी घड्याळ पाहिलं नाही.

आणि मग आतून, कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवायची सवय असलेल्या माणसाच्या आवाजात, हाक आली:

"कॅमरन! साखर किती?"

मुलगी सोफ्याच्या हातावरून खाली सतरंजीवर आली आणि जावयाच्या खांद्यात तोंड घालून रडली. सगळ्यांसमोर रडेन असं ती म्हणालीच होती. जावई एका हाताने तिला थोपटत स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडला, "टू, सर!"

"सर नाही!" आतून आलं. "बाबा!"

लग्न अजमानच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये झालं. मंडप मी बांधला होता आणि मित्राने त्याच्या चारी खांबांना लेव्हल लावली. एक खांब नापास झाला, मी खाली पुठ्ठ्याची घडी घातली. संकल्पात मित्राने जावयाचं नाव असं घेतलं की पार्किंगमधले लोक आत आले. गुरुजी "पुढे चला" म्हणाले तरी त्याने पुन्हा एकदा घेतलं. मग दिवसभर सुरूच. कॅमरन, फेटा सरळ कर. कॅमरन, हे आमचे साहेब. कॅमरन, जिलबी संपव. नऊ महिन्यांची थकबाकी एका दिवसात चुकती करत होता. एका पाहुण्याला त्याने नावाचा अर्थ सांगितला, आपल्या नाकाकडे बोट दाखवून, आणि पाहुण्याला कुठे बघावं ते कळेना.

माझा उखाणा फुकट गेला. म्हणजे मी बारावा केला होता, अगदी नाकाशिवायचा, बायकोने पास केलेला. पण जेवणाच्या पंक्तीत बायकांनी "नाव घे, नाव घे" करून गिल्ला केला तेव्हा मुलीने माझ्याकडे बघून मान हलवली. हातात घास, समोर नवरा. तिने स्वतःच केलेला उखाणा म्हटला, आयुष्यात पहिल्यांदा एका दमात, अख्खा मराठीत:

खोर फक्कानच्या धक्क्याला बोटी लागल्या दोन,
बाबाच घेतायत नाव सारखं, आता माझं ऐकणार कोण?

हशा झाला. मग बायका भानावर आल्या. "अगं पण नाव कुठे आहे ह्यात?"

"बाबांनी घेतलं ना," ती म्हणाली. "खलास." आणि घास नवऱ्याच्या तोंडात कोंबला.

संध्याकाळी हॉल रिकामा होत असताना मित्र माझ्याजवळ येऊन खुर्चीत बसला. फेटा मांडीवर, गळ्यात अजून उपरणं. समोर मुलगी आणि जावई खुर्च्यांखाली कोणाच्या तरी हरवलेल्या चपला शोधत होते.

"काय रे," तो हळूच म्हणाला, "उद्या ह्यांना मुलगा झाला. आणि त्यांनी आपलं आडनाव दिलं, पहिलं नाव म्हणून. तर कसं वाटेल ऐकायला?"

मी ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं. स्कॉटलंडमधलं एखादं थंड गाव, शाळेचा पहिला दिवस, लाल गालांचा एक पोरगा उभा राहून आपलं नाव सांगतोय, आणि ते नाव म्हणजे ती भाजी.

"भारदस्त," मी म्हणालो.

"कोणी अर्थ विचारला तर?"

"तर सांगेल, घराण्याचं नाव आहे."

मित्राने मान डोलावली, लेव्हल काढली, आणि उगाच खुर्चीच्या हातावर ठेवून बुडबुड्याकडे बघत बसला.